बाळाच्या मेटाबॉलिक तपासणीत ‘दोष’ आला आहे? मास स्पेक्ट्रोमेट्रीचा रिपोर्ट कसा समजून घ्यावा

बाळ आठ दिवसांचं आहे. पेणला माहेरी बाळंतपण झालं, तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे चार-पाच थेंब कागदावर घेतले आणि घरी सोडलं. आज लॅबमधून फोन आला, तोही रोह्याला सासरी, बाळाच्या वडिलांच्या नंबरवर: ‘ल्यूसीन वाढलेलं आहे, डॉक्टरांना लगेच भेटा.’ मोबाइलवर शोधलं तर एका भयंकर आजाराचं नाव समोर आलं. बाळ मात्र समोर शांत झोपलेलं आहे. खरं काय मानायचं?

असे रिपोर्ट घेऊन येणाऱ्या कुटुंबांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, हा रिपोर्ट आजाराचं निदान नाही. दुसरी, म्हणून तो बाजूला ठेवायचाही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे कळण्यासाठी ती तपासणी नेमकं काय मोजते हे समजून घ्यावं लागतं. पण त्याआधी घाईचं ते सांगतो.

आधी बाळाकडे बघा

फोन आला असेल आणि बाळ नीट दूध ओढत नसेल, सारखं झोपत असेल आणि उठवूनही जागं होत नसेल, पुन्हा पुन्हा उलट्या करत असेल, अंग अगदी सैल किंवा उलट ताठ पडत असेल, श्वास जोरजोरात घेत असेल, हातापायांच्या सायकल चालवल्यासारख्या हालचाली करत असेल, किंवा झटके येत असतील, तर हा लेख नंतर वाचा. बाळाला घेऊन थेट अशा रुग्णालयात जा जिथे नवजात बाळांसाठी अतिदक्षता कक्ष आहे. सरकारी व्यवस्थेत आपल्या भागासाठी तो अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आहे. १०८ ला फोन करा. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार आणि वाहन मोफत मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं.

तिथे पोचल्यावर एक वाक्य नक्की बोला: ‘मेटाबॉलिक तपासणीत दोष आलाय, रक्तातली साखर, अमोनिया आणि ब्लड गॅस बघाल का?’ पाच-सहा दिवसांचं मलूल बाळ समोर आलं की आम्हा डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा जंतुसंसर्ग येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. चयापचयाचा जन्मजात दोष हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून तुम्ही दिलेली ही माहिती खूप उपयोगी पडते.

बाळ व्यवस्थित असेल, तरी डॉक्टरांची भेट आजच घ्या, सोमवारची वाट बघू नका.

हे दोष असतात तरी काय

दुधातली प्रथिनं, साखर आणि स्निग्ध पदार्थ शरीरात टप्प्याटप्प्याने मोडले जातात. प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम काम करतं, आणि प्रत्येक टप्प्यावर जे छोटे रेणू तयार होतात त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. एखादं एन्झाइम जन्मतःच नसेल किंवा दुबळं असेल, तर त्याच्या आधीचा रेणू साचत जातो. पाट मध्येच तुंबला की पाणी अलीकडच्या शेतात चढतं, तसं.

पोटात असताना आईची वार ही साठण साफ करत असते, म्हणून बाळ जन्मताना टवटवीत दिसतं. दूध सुरू झालं की साठण सुरू होते आणि काही दोषांत चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास बाळ कोलमडतं. आपल्याकडे पाचवी पूजायची पद्धत किती जुनी आहे. त्या दिवसांत बाळाला जपायचं, हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पूर्वी त्या दिवसांत जाणाऱ्या बाळांपैकी बहुतेक धनुर्वाताने किंवा जंतुसंसर्गाने जात असत, पण काहींच्या बाबतीत कारण हे असणार.

रेणूचं वजन करून त्याला ओळखणं

साचलेला रेणू ओळखायचा कसा? १९३४ साली नॉर्वेत आस्ब्यर्न फलिंग या डॉक्टरांकडे एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आली. मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो, असं ती अनेक डॉक्टरांना सांगत फिरली होती. फलिंग यांनी ते मनावर घेतलं. लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली. मग त्यांनी लिटरच्या लिटर लघवी गोळा करून त्यातून एक पदार्थ वेगळा काढला आणि रसायनशास्त्राच्या जुन्या पद्धतींनी तो फिनाइलपायरुव्हिक आम्ल असल्याचं सिद्ध केलं. या आजाराला आज आपण फिनाइलकीटोन्यूरिया म्हणतो. एका रेणूची ओळख पटवायला त्यांना आठवडेच्या आठवडे लागले.

आज तेच काम रक्ताच्या एका वाळलेल्या थेंबावर दोन-तीन मिनिटांत होतं, आणि एका नव्हे तर डझनावारी रेणूंचं होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेचं रक्त कागदावर घेण्याची पद्धत आणली. १९९० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड मिलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कागदावरचं रक्त टॅन्डम मास स्पेक्ट्रोमीटरने तपासता येईल हे दाखवलं. तुमच्या रिपोर्टवर ‘टीएमएस’ किंवा ‘टॅन्डम मास’ लिहिलेलं असतं ते हेच.

यंत्र काय करतं? रेणूला विद्युतभार देतं, निर्वात जागेतून विद्युतक्षेत्रात पळवतं आणि त्याच्या वागण्यावरून त्याचं वस्तुमान काढतं. हलका रेणू वेगळा वागतो, जड वेगळा. ‘टॅन्डम’ म्हणजे अशी दोन मोजमापं एकापाठोपाठ. पहिल्यात रेणू निवडतात, मध्ये त्याचे तुकडे करतात, दुसऱ्यात तुकडे मोजतात. फिनाइलअ‍ॅलनीन यंत्रात १६६ वर दिसतं आणि त्याचा ठरलेला तुकडा १२० वर. दोन्ही जुळले की ओळख जास्त पक्की. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या प्रयोगशाळेत काम करणारं कुणी घरात असेल, तर त्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा छान समजावतील.

आता मुद्द्याची गोष्ट. किराणा दुकानाचा काटा वेगळा आणि सोनाराचा काटा वेगळा. तपासणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी यंत्रं साधारण एका एककापर्यंतचा फरक ओळखतात, म्हणजे १३१ आणि १३२ वेगळे. काही महागडी यंत्रं मात्र दशांश चिन्हानंतर तीन-चार आकड्यांपर्यंत अचूक मोजतात. त्याला अचूक वस्तुमान म्हणतात.

दशांशातल्या आकड्यांनी काय साधतं? कार्बनच्या मुख्य अणूचं वस्तुमान ठरवूनच १२ धरलेलं आहे. त्या मापाने हायड्रोजन १.००७८ भरतो, नायट्रोजन १४.००३१ आणि ऑक्सिजन १५.९९४९. कुणीच पूर्णांकात बसत नाही, प्रत्येकाची तूट किंवा वाढ वेगळी. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन हे दोन्ही वायू ढोबळ काट्यावर २८ भरले, तरी बारीक काट्यावर पहिला २७.९९५ आणि दुसरा २८.००६ येतो. दशांशातल्या आकड्यांवरून त्या रेणूत कोणते अणू किती आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

एकच आकडा, पाच दावेदार

तुमच्या रिपोर्टवरचं ‘ल्यूसीन’ घ्या. अनेक रिपोर्टवर नीट पाहिलंत तर ‘ल्यूसीन/आयसोल्यूसीन’ असं जोडनाव असतं. त्या तिरक्या रेघेकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण सगळी गोम तिथे आहे.

ढोबळ काट्यावर १३१ भरणारे निदान पाच रेणू बाळाच्या रक्तात सापडू शकतात. ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि अ‍ॅलोआयसोल्यूसीन या तिघांचं अचूक वस्तुमान १३१.०९५. क्रिएटीनचं १३१.०६९. हायड्रॉक्सीप्रोलीनचं १३१.०५८.

यातलं ल्यूसीन खूप वाढणं म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज या गंभीर आजाराची शंका. या आजारात ल्यूसीन मेंदूला विषासारखं बाधतं आणि उपचार मिळाले नाहीत तर बाळ काही दिवसांत बेशुद्ध होऊ शकतं. हायड्रॉक्सीप्रोलीन वाढणं मात्र बहुधा निरुपद्रवी असतं, त्याला उपचारही लागत नाहीत. साध्या तपासणी यंत्रात दोघेही एकाच रकान्यात पडू शकतात. म्हणजे ज्या आकड्याने तुमची झोप उडाली, तो कधीकधी अगदी निरुपद्रवी गोष्टीचा असतो.

अचूक वस्तुमान मोजणारं यंत्र इथे मदत करतं: १३१.०९५ आणि १३१.०५८ ते सहज वेगळे करतं. पण ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि अ‍ॅलोआयसोल्यूसीन? तिघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त मांडणी वेगळी. पेणच्या कारखान्यात एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या सोंडेची अशा दोन मूर्ती तेवढ्याच शाडूच्या केल्या, तर वजनकाटा त्यातली कुठली कुठली हे सांगू शकेल का? कितीही बारीक काटा आणा, नाही सांगू शकणार. डोळ्यांनी बघावं लागेल.

प्रयोगशाळेत त्या बघण्याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. नमुना आधी एका बारीक नळीतून सोडतात. वेगवेगळ्या मांडणीचे रेणू नळीला कमी-जास्त चिकटतात, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि मग त्यांचं मोजमाप होतं. मेपल सिरप आजाराचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे अ‍ॅलोआयसोल्यूसीन वाढलेलं असणं, आणि ते नेमकं वजनाने ओळखता न येणारं आहे. म्हणून डॉक्टर ‘प्लाझ्मा अमिनो अ‍ॅसिड’ नावाची दुसरी तपासणी लिहून देतात, तेव्हा ‘आत्ताच तर इतके पैसे भरून केली’ असं म्हणून ती टाळू नका. पहिल्या तपासणीने दिलेल्या आकड्यामागे कोण उभं आहे, हे दुसरीच सांगते.

मेथीचा लाडू आणि बाळाची लघवी

मेपल हे कॅनडा-अमेरिकेकडचं झाड. त्याच्या पाकाचा वास आपल्याकडे कुणाला माहीत असणार? पुस्तकात ‘जळक्या साखरेसारखा’ लिहितात. मी सोप्या शब्दांत सांगतो: मेथीसारखा. ही नुसती उपमा नाही. मेथीला तिचा वास देणारा सोटोलोन नावाचा रेणू आणि या आजाराच्या बाळांच्या लघवीला येणाऱ्या वासाचा रेणू एकच आहे. अणू तेच, मांडणी तीच, वस्तुमान तेच, १२८.०४७.

आता आपल्या घरांचा विचार करा. बाळंतिणीला मेथीचे लाडू, मेथीची भाजी, मेथीची खीर. आईने मेथी खाल्ली की तो वास तिच्या घामाला आणि लघवीला येतो, आणि बाळालाही येऊ शकतो. आयांनी मेथी घेतल्यामुळे निरोगी बाळांच्या अंगाला असा वास आला आणि डॉक्टरांना मेपल सिरप आजाराची शंका आली, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

इथे आणखी एक गोष्ट कळते. समजा यंत्र परिपूर्ण आहे, रेणू नेमका कोणता हेही शंभर टक्के ठरलं. तरी तो कुठून आला, हे यंत्र सांगत नाही. बिघडलेल्या एन्झाइममुळे की लाडवातून, हे आईला विचारावं लागतं. म्हणून डॉक्टर ‘तुम्ही काय खाता, कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारतात, तेव्हा लाडवापासून काढ्यापर्यंत सगळं सांगा. लाडू बंद करायची गरज नाही. रक्तातलं ल्यूसीन मेथीमुळे वाढत नाही, प्रश्न फक्त वासाचा आहे. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: बाळ मलूल असेल आणि लघवीला मेथीचा वास असेल, तर ‘लाडवांमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नका.

आईचं बी-१२, आईची गोळी

रिपोर्टवर ‘सी३’ वाढलेलं आहे का? हे प्रोपिओनिल कार्निटीन. प्रोपिओनिक आणि मिथाइलमलोनिक अ‍ॅसिडिमिया या दोन गंभीर आजारांत ते वाढतं. पण आईच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली तरीही बाळाचं सी३ वाढतं, कारण तो टप्पा पुढे नेणाऱ्या एन्झाइमला बी-१२ लागतं. बाळाचं एन्झाइम ठणठणीत असतं, त्याला लागणारं जीवनसत्त्व तेवढं कमी पडतं.

आपल्या देशात ही कमतरता भरपूर आढळते. बी-१२ प्राणिज पदार्थांतच असतं, म्हणून कडक शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या बायकांमध्ये विशेष. पण पेण-रोह्याकडे मासे खाणारं घर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गरोदरपणात वास सहन होत नाही म्हणून महिनोन्‌महिने मासे न खाल्लेल्या, किंवा घरात सगळ्यांना वाढून उरलेल्या रश्श्यावर भागवलेल्या बायका मी पाहतो. त्यामुळे सी३ वाढलं तर आई आणि बाळ दोघांचं बी-१२ आणि होमोसिस्टीन तपासतात. कमतरता सापडली तर दोघांना बी-१२ दिल्यावर आकडे खाली येतात. हीसुद्धा किरकोळ बाब नाही, कारण बी-१२ अभावी अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ आणि मेंदूचा विकास खुंटतो. खोटी भीती ठरली तरी तपासणीने खरा फायदा करून दिलेला असतो.

‘सी५’ वाढण्याची कथा आणखी मजेशीर आहे. आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडिमिया या आजारात आयसोव्हॅलेरिल कार्निटीन वाढतं, वस्तुमान २४५.१६३. बाळंतपणाच्या सुमारास आईला सेफडिटोरेन पिव्हॉक्सिलसारखं अँटिबायोटिक दिलेलं असेल, तर त्यातल्या ‘पिव्हॉक्सिल’ भागापासून पिव्हॅलोइल कार्निटीन तयार होतं. त्याचं वस्तुमान? तेही २४५.१६३, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. बाळ निरोगी, रिपोर्ट भीतिदायक, आणि कारण आईच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात. ती पाकिटं फेकू नका.

सी५-ओएच नावाचा रेणू वाढला तर कधीकधी दोष आईमध्येच निघतो, आणि तिला तो आजवर माहीतही नसतो. म्हणून बाळाच्या रिपोर्टसाठी आईचं रक्त मागितलं तर गोंधळून जाऊ नका, आणि कृपा करून घरात कुणी त्याचा ‘आईत खोट’ असा अर्थ काढू नका.

नमुना चुकला तर आकडाही चुकतो

नमुना जन्मानंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेणं चांगलं. बाळाने पुरेसं दूध प्यायलेलं असलं पाहिजे, नाहीतर साठणच झालेली नसते आणि दोष असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. बाळंतपण सुरळीत झालं की पुष्कळ ठिकाणी त्याआधीच घरी सोडतात. असं असेल तर २४ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका, पुन्हा नमुना द्यायला या. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यावा. कमी दिवसांच्या बाळाला शिरेतून अमिनो आम्लं चालू असतील तर बरेच आकडे वाढलेले दिसतात, ते फॉर्मवर लिहायला सांगा.

आणि आपल्याकडचा पाऊस. कागदावरचे थेंब सावलीत, आडवे ठेवून निदान तीन-चार तास पूर्ण वाळवावे लागतात. उन्हात नाही, हीटरजवळ नाही. जुलैत पेणच्या हवेत पापड वाळत नाहीत, तिथे रक्त कसं वाळणार? ओलसर कार्ड तसंच पाकिटात घालून कुरिअरने गेलं आणि महाड-वडखळच्या रस्त्यावर दोन दिवस अडकलं, की काही रेणू खराब होतात आणि रिपोर्टवर काहीही येऊ शकतं. पावसाळ्यात नमुना देताना ‘कार्ड पूर्ण वाळलं का, सोबत ओलावा शोषणारी पुडी घातली का’ हे नर्सला विचारायला लाजू नका. ‘नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा’ असा निरोप आला तर तो आजाराचा निरोप नसतो, पण उशीर मात्र करायचा नसतो.

फॉर्मवर फोन नंबर कुणाचा आहे? पहिलं बाळंतपण माहेरी, नंबर सासरचा, आणि वडील शिफ्टमध्ये मोबाइल बाहेर ठेवून कामावर. या एका कारणाने दोन-दोन दिवस वाया जातात. बाळ जिथे राहणार आहे तिथला नंबर द्या. दोन नंबर लिहा.

या तपासणीत काय दिसत नाही

वस्तुमान मोजणाऱ्या या तपासणीत जन्मजात थायरॉइडची कमतरता दिसत नाही. ती टीएसएच या हार्मोनवरून कळते आणि त्याची पद्धत वेगळी, थेंब मात्र त्याच कागदावरचा चालतो. हे आवर्जून सांगतो, कारण भारतात ही कमतरता वरच्या सगळ्या आजारांपेक्षा जास्त आढळते. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त बाळांची तपासणी केली, त्यात साधारण ११३० बाळांमागे एकात ती सापडली. उपचार म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. ती वेळेत सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, आणि सुरू झाली नाही तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. खर्चामुळे एकच तपासणी करता येणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी टीएसएच.

सिकलसेल, थॅलेसेमिया, जी६पीडी हेही या अमिनो आम्लांच्या पॅकेजमध्ये आपोआप येत नाहीत. ‘सगळं चेक केलं’ असं कुणी म्हटलं तर यादी वाचून घ्या.

गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात मात्र टॅन्डम मास तपासणी प्रत्येक बाळाची आपोआप होत नाही. बहुतेक वेळा ती खाजगी लॅबमार्फत होते आणि काही हजार रुपये लागतात. ज्या घरात आधीचं बाळ पहिल्या काही दिवसांत कारण न कळता गेलं आहे, किंवा जिथे मामाच्या-आत्याच्या मुलांत, जवळच्या नात्यात लग्न झालं आहे, त्यांनी ही तपासणी टाळू नये. हे आजार बहुतेक वेळा आई आणि बाबा दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं बाळ गेलं म्हणून दुसरं सुटलं, असा त्याचा हिशेब नसतो.

निदान पक्कं करायला कुठे जायचं

परळचं केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने ठरवलेलं उत्कृष्टता केंद्र आहे. पुण्यातही केईएम आहे, ते वेगळं, त्यामुळे चिठ्ठीवर ‘परळ, मुंबई’ लिहून घ्या. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती अशा केंद्रात नोंदणी झाल्यावर आणि निदान पक्कं झाल्यावरच. मेपल सिरप आजारासारख्या दोषांत लागणारं खास दूध महाग असतं आणि आयुष्यभर लागतं, म्हणून ही नोंदणी लवकर करून घ्यावी.

तिथे साधारण तीन प्रकारच्या तपासण्या होतात: रक्तातली अमिनो आम्लं, लघवीतली सेंद्रिय आम्लं, आणि गरजेप्रमाणे जनुक तपासणी. लघवीचा नमुना बाळ आजारी असतानाचा असेल तर फार मोलाचा. सलाइन लागून बाळ सुधारलं की साचलेले रेणू वाहून जातात आणि पुरावा पुसट होतो. म्हणून इथल्या डॉक्टरांना विनंती करा की उपचार थांबवू नका, पण पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा.

दुधाविषयी नेहमी विचारलं जातं. बाळ ठीक असेल तर स्वतःच्या मनाने अंगावरचं दूध बंद करू नका. बाळ आजारी आहे आणि डॉक्टरांनी एक-दोन दिवस दूध थांबवून शिरेतून ग्लुकोज लावलं, तर आजीने लपून वाटीचमच्याने दूध पाजू नये. त्या वेळी दुधातलं प्रथिनच बाळाला बाधत असतं आणि ग्लुकोज त्याची उपासमार होऊ देत नाही. या काळात आईने दूध काढत राहावं, म्हणजे ते आटत नाही. निदानानंतर पुष्कळ बाळांना ठरवून दिलेल्या प्रमाणात अंगावरचं दूध पुन्हा सुरू करता येतं.

आणि कधी वेळ हातातून गेली, बाळ वाचलं नाही, तर त्या घरात कुणाला कागदपत्रांचं भान नसतं. ते मी समजू शकतो. तरी टाचेच्या रक्ताचं कार्ड, शक्य असेल तर थोडी लघवी आणि थोडं रक्त जपून ठेवायला सांगा. त्यातून जनुकातला दोष सापडला तर पुढच्या गरोदरपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून बाळाची तपासणी करता येते, आणि आजार असलेल्या बाळावर जन्मल्याबरोबर, साठण होण्याआधीच, उपचार सुरू करता येतात.

रोह्याहून परळला पोचायला तीन-चार तास धरा. निघताना बाळाची फाइल, मूळ रिपोर्ट, आईच्या गरोदरपणातल्या तपासण्या आणि गोळ्यांची पाकिटं, आधीच्या बाळाचे कागद असतील तर तेही, आणि दोघांची आधार कार्डं सोबत घ्या. वाटेत बाळाला दर दोन-अडीच तासांनी पाजायचं, उपाशी ठेवून नेऊ नका. डॉक्टरांनी दूध थांबवलं असेल, तर ते बाळ ग्लुकोज लावलेल्या अवस्थेत अँब्युलन्समधूनच जाईल, रेल्वेने किंवा एसटीने नाही.